गॅस चालू होता ना?

आठवडाभर फूड बँकेच्या (गरजूंना मोफत शिधा देणाऱ्या केंद्राच्या) शिध्यावर राहून बघितलंत, त्यावर लिहिलेलं वाचलं, कौतुक वाटलं. फक्त त्यातलं ‘डबे उघडायचे, गरम करायचे, झालं’ हे वाक्य खटकलं. मी इथे इंग्लंडमध्ये शनिवारी एका फूड बँकेत पिशव्या भरायला जाते. ट्रसेल या इथल्या धर्मादाय संस्थेची पहिली फूड बँक २००० साली सॉल्झबरीत निघाली, तेव्हापासून पद्धत साधारण तीच: डॉक्टर किंवा सोशल वर्करकडून व्हाउचर आणायचं, मग किमान तीन दिवसांचा कोरडा किंवा डबाबंद शिधा. पास्ता, बीन्स, टिकाऊ दूध. (डाळ दिसली की मलाच सणासारखं वाटतं.)

पण मागे एक गृहस्थ प्रत्येक डबा उलटसुलट करून बघत होते. मला वाटलं, तारीख बघताहेत. तर ते ओढून उघडायची रिंग शोधत होते, घरी ओपनर नव्हता. पास्ता त्यांनी परत ठेवला. गॅसचं मीटर आधी पैसे भरायचं, आणि ते संपलेलं. अशांसाठी आम्ही ‘केटल पॅक’ बांधतो: कपातलं सूप, नूडल्स, नुसत्या उकळत्या पाण्यावर होणारं. अर्थात केटलपुरती वीज हवीच.

तुमच्या त्या आठवड्यात शेगडी चालू होती ना?