मदत हवी आहे: हीटिंगच्या मॅटवर कोणत्या टाइल्स? (ग्वाल्हेर)

लष्करकर: आईच्या खोलीत फरशीखालून विजेची हीटिंग बसवतोय, जाळीवर तार असलेली मॅट. मिस्त्री सोमवारी येतोय. दुकानदार म्हणतो व्हिट्रिफाइड, मिस्त्री म्हणतो कोटा, बायकोला लाकडासारखं हवंय. कुठली घेऊ? पटकन सांगा.

थापी_रंधा: खोली केवढी? तळमजला का? मॅट किती वॅटची?

चिवडा: ग्वाल्हेरची थंडी ती किती दिवसांची! ऑइल हीटर घ्या नि मोकळे व्हा.

लष्करकर: हीटरचं विचारलंच नाहीये. जानेवारीत पारा चार-पाचवर येतो, आईला जुन्या फरशीवर पाय टेकवत नाही. तळमजला, 12 बाय 11 फूट. मॅट 150 वॅटची.

थापी_रंधा: 150 वॅट म्हणजे दर चौरस मीटरला असणार. व्हिट्रिफाइडच घ्या, 8-10 मिमी, उष्णता चटकन वर येते. चकचकीत नको, आई घसरतील. लाकडाच्या रेघांचीही मिळते, म्हणजे वहिनी खूश. तळमजला आहे तर मॅटखाली इन्सुलेशन बोर्ड हवाच, नाहीतर निम्मी ऊब जमिनीत.

वाड्यातली_सून: कोट्याला नावं ठेवू नका. उशिरा तापतो, पण ऊब धरून ठेवतो. आमच्या वाड्यात साठ वर्षं टिकलाय.

थापी_रंधा: ताई, तुमच्या वाड्यात खाली तार होती का? इंचभर दगड तापेस्तोवर आई झोपून जातील.

पोळलेला: टाइल कुठलीही आणा, आधी मिस्त्रीला आवरा. आमच्या मिस्त्रीने टाइलच्या पाठीला चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक असे मसाल्याचे लाडू चिकटवले. बाकी सगळं पोकळ. दुसऱ्या हिवाळ्यात टाइल ठोकली की डबा वाजल्यासारखा आवाज, मग तडा. लवचीक अॅढेसिव्ह घ्या, दातेरी थापीने पूर्ण पाठ भरून घ्या, भिंतीशी फट सोडा. आणि तारेचा रेझिस्टन्स मल्टीमीटरने तीनदा बघा: डब्यातून काढल्यावर, अंथरल्यावर, टाइल बसल्यावर.

थापी_रंधा: +1. दिवाण, कपाट कुठे आहे?

लष्करकर: पेटीवाला दिवाण आहे, भिंतीला कपाट. मॅट सगळ्या खोलीत अंथरणार, 11 चौरस मीटर आणलीय.

पोळलेला: हे आत्ता सांगताय? पेटीखाली उष्णता कोंडते, तिथे मॅट टाकायचीच नसते.

लष्करकर: मग तेवढी कापतो.

थापी_रंधा: जाळी कापता येते, तार नाही! तार कापली की मॅट वाया गेली. मोकळी जागा मोजा आणि तेवढीच आणा.

लष्करकर: डबा उघडलेला नाही. उद्या बदलून देतो का बघतो. बरं, टाइल पांढरी घेतली तर चालेल?

थापी_रंधा: रंगाने काही होत नाही. पण बसवल्या रात्रीच चालू करून आईंना दाखवू नका. अॅढेसिव्ह वाळायचे दिवस पिशवीवर दिलेले असतात.

वाड्यातली_सून: दाल बाजारावरून जाणार असाल तर या वर्षी गजक काय भाव आहे तेवढं सांगा.