मदत हवी आहे: मायोसायटिसमध्ये (स्नायूंची सूज) ट्रोपोनिन टी (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलंय, हृदयाला सूज आहे हे कसं ठरवायचं?

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यातल्या 42 वर्षांच्या बाई, पॉलिमायोसायटिस (अनेक स्नायूंना सूज). मांड्या-खांद्यांत ताकद नाही, सीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम) 3,800, ट्रोपोनिन टी वाढलेलं. छातीत दुखत नाही, पण चढ लागला की धडधड होते. इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल, इएफ (दर ठोक्याला हृदय बाहेर टाकतं तो रक्ताचा वाटा) 60 टक्के.

नुसत्या ट्रोपोनिन टीवर विसंबता येत नाही. हातापायांचा सुजलेला स्नायू भरून येताना तोही टी सोडतो. सीके-एमबी (सीकेचा हृदयासाठी तपासला जाणारा प्रकार) तसंच फसवतं. म्हणून हृदयाशीच निगडित असलेलं ट्रोपोनिन आय तपासायला पाठवलंय. ईसीजीत पीआर (हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत विद्युत संदेश पोचायला लागणारा वेळ) लांबून 220 मिलिसेकंद आणि राइट बंडल ब्रँच ब्लॉक (उजव्या बाजूच्या संदेशवाटेत अडथळा) आहे, खरी काळजी त्याचीच वाटते. 24 तासांचा होल्टर (सतत ईसीजी नोंदवणारं यंत्र) आजच लावतोय.

अडलंय ते एमआरआयपाशी. संभाजीनगर किंवा लातूरला टी1-टी2 मॅपिंगसह (हृदयस्नायूतली सूज आकड्यांत मोजण्याची पद्धत) कार्डियाक एमआरआय कुठे होतो? मॅपिंग नसेल तर गॅडोलिनियममध्ये (एमआरआयसाठी शिरेतून देतात ते कॉन्ट्रास्ट) व्रण दिसतो, पण सगळीकडे सारखी पसरलेली ताजी सूज निसटते. क्रिएटिनिन 0.9, म्हणजे मूत्रपिंड ठीक, त्यामुळे गॅडोलिनियमला अडचण नाही. तोवर इकोत जीएलएस (हृदयाचा स्नायू लांबीत किती आकसतो याचं माप) मोजून घेतला तर कितपत भरवसा ठेवावा?

स्टेरॉइड सुरू झालं की सूज उतरू लागते, म्हणून एमआरआय आधी हवाय. त्यासाठी किती दिवस थांबणं सुरक्षित? अनुभवी लोकांनी कृपया लवकर सांगा.