५ एचपी सोलर पंपाला ट्रॅकर लावावा का? (अथणी भाग, काळं रान)

अथणी_शिवार
बोअरवर ५ एचपी थ्री-फेज सोलर पंप आहे. ३३५ वॉटची १५ पॅनल एकाच सिरीजमध्ये (एकामागं एक जोडलेली), दक्षिणेकडं १५ अंश कलवून पक्की बसवलेली. सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी साडेचारनंतर मोटर फिरते, पण पाणी वर येत नाही. विक्रेता म्हणतो मोटरचा ट्रॅकर (सूर्याबरोबर पॅनल फिरवणारं स्टँड) लावा, ४० टक्के वाढ मिळेल. ट्रॅकर घ्यावा की तेवढ्याच पैशात तीन पॅनल वाढवावीत? भोवतीनं आडसाली ऊस आहे.

निपाणी_वायरमन
४० टक्के हा आकडा दोन अक्षांवर फिरणाऱ्या ट्रॅकरचा, तोही निरभ्र आकाशातला. नुसता पूर्व-पश्चिम फिरणारा असेल तर वर्षाकाठी १५ ते २५ टक्के धरा.

पंपाच्या बाबतीत मात्र टक्क्यांपेक्षा तास मोजा. व्हीएफडीची (उन्हाप्रमाणं मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या कंट्रोलरची) फ्रिक्वेन्सी ५० वरून ३५ हर्ट्झवर उतरली की पंपाचा हेड (पाणी किती उंच चढवतो ते) निम्मा होतो, कारण हेड वेगाच्या वर्गाप्रमाणं घटतो. मोटरचा आवाज येतो आणि पाइप कोरडा, ते यामुळंच. मार्चमध्ये आपल्याकडं साडेचारच्या सुमाराला सूर्य माथ्यापासून ६० अंश ढळलेला असतो, म्हणजे आडव्या पॅनलवर थेट ऊन निम्मंच पडतं. तेच पॅनल पश्चिमेला तोंड करून असेल तर पाणी चालू राहतं. भर दुपारी पंप आधीच ५० हर्ट्झवर असतो, तेव्हा ट्रॅकरचा काही उपयोग नाही. फायदा सगळा दोन टोकांना.

तीन पॅनल वाढवायचा विचार सोडा. ७२ सेलच्या पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज (पंप चालू नसतानाचं) साधारण ४६ असतं. १५ ची सिरीज ६९० व्होल्ट, १८ ची ८२८. थंडीत पहाटे १२ अंशाला ते आणखी चारेक टक्के चढतं, म्हणजे ८६० च्या घरात. बरेच कंट्रोलर ८०० च्या आसपास थांबतात, पुढं इनपुटचा भाग जळतो. आधी कंट्रोलरच्या पाटीवरचं कमाल डीसी व्होल्टेज वाचा. पंप सरकारी योजनेतला असेल तर पुरवठादाराला विचारल्याशिवाय वायरिंगला हात लावू नका.

उद्यमबाग_फॅब्रिकेशन
मी मोटरचा ट्रॅकर नको म्हणेन. हातानं फिरवायचं स्टँड करून घ्या: दक्षिणोत्तर आडवा पाइप, दोन्ही टोकांना आणि मध्ये बेअरिंग, पूर्व ४५ अंश, आडवं, पश्चिम ४५ अंश अशी पिनची तीन भोकं. पॅनलचं वजन ३३० किलोच्या आसपास होतं, पण पाइप बरोबर मध्यरेषेवर असला तर एक माणूस फिरवतो. पाइप एका बाजूला सरकला की दोघं लागतात आणि पिन कापली जाते.

आता काळ्या रानाचं. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खांब बोटभर कलला तरी पक्क्या स्टँडला काही होत नाही, फिरत्या पाइपची बेअरिंग मात्र एका रेषेत राहत नाहीत आणि जाम होतात. म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत न्या. मोटरच्या ट्रॅकरला हीच अडचण जास्त, कारण जाम झालं तरी मोटर ढकलत राहते आणि गिअर तुटतो.

वळीव विसरू नका. एप्रिल-मेमध्ये वारं सुटतं ते दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान, नेमकं पॅनल पश्चिमेला उभं असताना. ताशी १०० किमी वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ४७ किलो. तुमची १५ पॅनल म्हणजे साधारण २९ चौरस मीटर, एकूण जोर तेराशे किलोच्या वर. ढग काळवंडले की लगेच आडवं करून पिन घाला. रात्रीही आडवंच ठेवा, सकाळी पूर्वेला करा.

आणखी एक. १५ पॅनल दोन स्टँडवर विभागली तर दोन्ही कायम एकाच कोनात ठेवायची. सिरीजमध्ये सगळ्यात कमी करंट देणारं पॅनल बाकीच्यांना खाली ओढतं; एक स्टँड फिरवायचं राहिलं की फिरवलेल्याचाही फायदा गेला.

खानापूर_पश्चिम
आमच्या बाजूला जून ते सप्टेंबर ऊन ढगातून चारी बाजूंनी पसरून येतं. त्या दिवसांत पॅनल आडवं ठेवलेलंच बरं, सूर्याकडं वळवलं तर उलट कमी मिळतं. शिवाय सेन्सरवर चालणारा ट्रॅकर ढगांमागं सारखा पुढं-मागं करत राहतो. अथणीला पाऊस कमी, तिथं हिशेब वेगळा. घराच्या छतावर, हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) मीटरला जोडायचं असेल तर मात्र इन्व्हर्टरच्या मर्यादेत दोन पॅनल वाढवणं केव्हाही सोपं.

अथणी_शिवार
खूप उपयोग झाला. पाटीवर कमाल ८०० व्होल्ट आहे, म्हणजे जादा पॅनल नाही. उसाची पहिली सरी स्टँडपासून १० फुटांवर आहे, चालेल का?

निपाणी_वायरमन
नाही चालणार. ऊस साडेतीन मीटर, पॅनलचा मध्य दोन मीटरवर धरला तर दीड मीटरचा फरक तीन मीटर अंतरावर. सूर्य २६-२७ अंश वर येईपर्यंत सावली पडणार, म्हणजे मार्चमध्ये साडेआठपर्यंत. ज्या वेळेसाठी स्टँड फिरवायचं तीच वेळ उसानं खाल्ली. पूर्व आणि पश्चिम बाजूला निदान २० फूट मोकळं सोडा, तिथं भुईमूग नाहीतर हरभरा घ्या. उत्तरेकडं ऊस राहू द्या. आणि फिरत्या भागावर डीसी वायरला हातभर ढील ठेवा, ताण एमसी-फोरच्या (पॅनलच्या वायरींच्या प्लगच्या) जोडावर येता कामा नये.

उद्यमबाग_फॅब्रिकेशन
पिन १६ मिमीची घाला आणि साखळीनं स्टँडलाच बांधा. सुटी ठेवली की उसात हरवते आणि मग लोक तार गुंडाळून काम भागवतात.