१९४०: स्पिटफायर उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंत

प्रश्न (निळेआकाश):
१९४० च्या उन्हाळ्यात लंडनजवळच्या बिगिन हिल, हॉर्नचर्चसारख्या हवाई तळांवर स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमान उतरलं की पुन्हा उडेपर्यंत काय काय करावं लागे? इंधन आणि गोळ्या, एवढंच? आणि उडण्याचा हुकूम कधीही येणार हे ठाऊक असताना इंजिन चालूच का ठेवत नसत?

पानाफिरकी:
एवढंच कसं? विमान थांबलं की चाकांना अडणी, आणि सगळे एकदमच भिडतात. फिटर इंजिन बघतो. रिगर सांगाडा, टायर आणि गोळ्यांची भोकं तपासतो, काच पुसतो. टँकरमधून ८५ गॅलन भरायचे. टाक्या दोन, पण तोंड एकच. शिवाय ऑक्सिजनची बाटली आणि रेडिओ.

वेळ खातात त्या बंदुका. आठ ब्राउनिंग मशीनगन, प्रत्येकीला ३०० गोळ्या, म्हणजे जेमतेम १५ सेकंदांचा मारा. त्या पंखभर पसरलेल्या, त्यामुळे झाकणं पुष्कळ आणि पेट्या पंखाखालून चढवायच्या. पट्ट्यातली एक गोळी जरी पुढेमागे सरकलेली राहिली तरी वर गेल्यावर ती बंदूक अडकते. शेवटी नळ्यांच्या तोंडांवर कापडाचे तुकडे चिकटवायचे, म्हणजे उंचावरच्या थंडीत आणि ओलाव्यात यंत्रणा गोठत नाही. परतणाऱ्या विमानाचं कापड फाटलेलं दिसलं की मारा झालाय हे खालच्यांना आधीच कळे.

विमानातल्या दाबलेल्या हवेकडे लोकांचं लक्ष जात नाही. बंदुका, ब्रेक आणि फ्लॅप (उतरताना वेग कमी करणाऱ्या पंखांच्या झडपा) तिन्ही तिच्यावर चालतात. गळती राहिली तर तिन्ही दगा देतात.

ग्लायकोल:
इंजिनाबद्दल. इंजिन थंड ठेवणारा रेडिएटर उजव्या पंखाखाली, म्हणजे नाकावरच्या पंख्याच्या झोताबाहेर, शिवाय खाली सोडलेल्या चाकाचा पाय त्याच्यासमोर आडवा. जमिनीवर पुरेसा वारा मिळतच नाही, थोड्याच वेळात पारा चढतो आणि शीतक उकळायला लागतं. वाऱ्याच्या दिशेने टॅक्सी करताना (जमिनीवर विमान चालवत नेताना) तर जास्तच. नाक लांब असल्याने वैमानिकाला समोरचं दिसत नाही, नागमोडी जावं लागतं, त्यात आणखी वेळ.

म्हणून पहाटे फिटर इंजिन फिरवून तेल गरम करतो आणि बंद करतो. इंजिन सुरू करायची बॅटऱ्यांची ढकलगाडी जोडलेलीच राहते. तयारीच्या पायऱ्या ठरलेल्या: 'रेडिनेस' म्हणजे पाच मिनिटांत हवेत. 'स्टँडबाय'ला वैमानिक पट्टे आवळून आतच बसलेला, दोन मिनिटांत निघणार, तरी इंजिन बंदच.

निळेआकाश:
मग हरिकेन या दुसऱ्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं काय?

पानाफिरकी:
रेडिएटर पोटाखाली मधोमध, झोत थेट मिळतो, म्हणून जमिनीवर बरंच सोसतं. बंदुका चार-चारच्या गटात, झाकणं पंखाच्या वरून उघडतात. गोळ्या भरायला स्पिटफायरपेक्षा लवकर मोकळं. इंधनात मात्र उलट: दोन्ही पंखांत ३३-३३ गॅलन आणि कॉकपिटपुढे २८, तीन ठिकाणी नळी फिरवा.