मदत हवी आहे : खुलासा-पत्रातलं 'द रीझन इज बिकॉज' कसं दुरुस्त करू?

निफाडची_बाग
नमस्कार मंडळी. द्राक्षांचा कंटेनर तीन दिवस उशिरा निघाला, त्याचा खुलासा परदेशी खरेदीदाराला पाठवायचा आहे. मसुद्यातली वाक्यं :
"द रीझन व्हाय द कंटेनर वॉज डिलेड इज बिकॉज इट रेन्ड इन निफाड."
"द रीझन फॉर द लेट हार्वेस्ट वॉज ड्यू टू वेट बंचेस."
"ॲज द बंचेस वेअर वेट, सो वी वेटेड."
पहिल्याखाली संगणक रेघ ओढतो. नुसतं 'बिकॉज' काढलं तर वाक्य तुटतं. पत्र आज संध्याकाळी जायला हवं.

गोदाकाठ
पहिल्या वाक्यात कारण तीनदा आलंय : रीझन, व्हाय आणि बिकॉज. मूळ आपल्या 'कारण' शब्दात आहे. मराठीत तो नामही आहे ('उशिराचं कारण') आणि उभयान्वयी अव्ययही ('उशीर झाला, कारण पाऊस आला'). इंग्रजीत ही कामं दोन शब्दांनी वाटून घेतली आहेत, आणि आपण सवयीनं दोन्ही एका वाक्यात घालतो.

'बिकॉज'च्या जागी 'फॉर द रीझन दॅट' घालून वाचा. "द रीझन इज फॉर द रीझन दॅट..." लगेच कानाला खटकेल. व्याकरण असं : 'इज'च्या अलीकडे 'रीझन' हे नाम आहे, तर पलीकडे नामाचं काम करणारं उपवाक्य हवं. ते 'दॅट'नं सुरू होतं. 'बिकॉज'चं उपवाक्य क्रियाविशेषणाचं काम करतं. म्हणून एकतर "द रीझन फॉर द डिले इज दॅट इट रेन्ड", नाहीतर "द कंटेनर वॉज डिलेड बिकॉज इट रेन्ड". पत्रात दुसरं घ्या. शब्द कमी लागतात आणि कंटेनरची गोष्ट आधी येते.

दुसऱ्या वाक्यात 'ड्यू टू' म्हणजे आपलं '-मुळे'. "उशिराचं कारण ओल्या घडांमुळे होतं" असं वाचलं की चूक दिसते. "द लेट हार्वेस्ट वॉज ड्यू टू वेट बंचेस" पुरे.

तिसरं आपल्या 'ज्याअर्थी–त्याअर्थी' या जोडीतून आलंय. इंग्रजीत जोडीतला एकच शब्द ठेवायचा. 'ॲज' असेल तर 'सो' नको. 'जरी–तरी'वरून येणारं 'ऑल्दो... बट'ही याच जातीचं.

पंचवटी_शिकवणी
गोदाकाठ यांच्याशी सहमत, पण 'रीझन व्हाय'ला सरसकट चूक म्हणू नये. ते रूढ आहे, 'व्हाय' गाळलं तरी चालतं इतकंच. 'रीझन इज बिकॉज'सुद्धा इंग्रज कित्येक शतकं लिहीत आलेत आणि बोलताना सर्रास वापरतात. अर्थ बिघडत नाही. तरी औपचारिक पत्रात अनेकांना ते खुपतं, म्हणून टाळावं.

आणि शोधून शोधून प्रत्येक 'इज बिकॉज' खोडू नका. "धिस इज बिकॉज इट रेन्ड" बरोबर आहे, तिथे कर्ता 'धिस' आहे, 'रीझन' नव्हे. 'ओइंग टू द फॅक्ट दॅट' दिसलं तर मात्र बिनधास्त 'बिकॉज' करा. 'बिकॉज ऑफ'नंतर नाम येतं, पूर्ण वाक्य नाही : 'बिकॉज ऑफ रेन', पण 'बिकॉज इट रेन्ड'.

निफाडची_बाग
आता असं केलंय :
"द कंटेनर वॉज डिलेड बाय थ्री डेज बिकॉज इट रेन्ड इन निफाड. ॲज द बंचेस वेअर वेट, वी वेटेड. वी डिड नॉट वेट बिकॉज द प्राइस वॉज लो."
शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. भाव पडला म्हणून माल रोखला, असा त्यांचा समज व्हायला नको.

गोदाकाठ
पहिली दोन ठीक. तिसरं पाठवू नका. नकारानंतर 'बिकॉज' आलं की दोन अर्थ निघतात : 'थांबलो ते भावासाठी नव्हे' आणि 'भाव कमी होता म्हणून थांबलोच नाही'. 'बिकॉज'आधी स्वल्पविराम दिलात तर दुसराच अर्थ पक्का होईल, आणि वरच्या 'वी वेटेड'शी तो भांडेल. इथे 'बिकॉज' नकोच. लिहा : "द प्राइस हॅड नथिंग टू डू विथ द डिले."