हात, हुकूम आणि उतारी

मित्रांसाठी पाच-तीन-दोन या तिघांनी खेळायच्या पत्त्यांच्या खेळाचे नियम एका कागदावर लिहून काढतोय. खेळताना शब्द आपोआप तोंडात येतात, लिहायला बसलो की अडतं. 'ट्रिक'ला कोशात 'युक्ती' सापडली आणि 'युक्ती जिंकणाऱ्याने पुढची युक्ती सुरू करावी' असं वाक्य तयार झालं. माझं मलाच हसू आलं. पत्त्यांत याला काय म्हणायचं? आणि हुकूम म्हणजे इस्पिकच ना?

—

युक्ती आधी खोडा. तो 'हात'. तिघांनी एकेक पान टाकलं की एक हात पुरा. 'माझे चार झाले, एक हात बाकी आहे' असंच म्हणतो आपण. प्रत्येक हाताचं पहिलं पान टाकायची पाळी म्हणजे 'उतारी'. तुमचं अख्खं वाक्य चार शब्दांत बसतं: ज्याचा हात, त्याची उतारी.

—

बोलताना ठीक आहे हो, पण लिहिताना 'हात' घोळ घालतो. 'प्रत्येकाच्या हातात दहा पानं आणि डावात दहा हात', यात नवखा माणूस हमखास अडखळणार. त्यात पाच-तीन-दोनमध्ये 'ओढणं' आहेच. एकाने पाच, दुसऱ्याने तीन, तिसऱ्याने दोन हात करायचे असतात; त्यात माझे दोन हात जास्त झाले आणि तुमचे दोन कमी पडले, तर पुढच्या डावात मी तुमची दोन पानं न बघता ओढणार आणि माझ्याकडची नकोशी दोन देणार. ओढतो पानं, म्हणतो मात्र 'तुझ्याकडून दोन हात ओढायचेत'. कागदावर 'पानं ओढणे' असंच लिहा.

—

हुकूम म्हणजे इस्पिक नव्हे! हिंदीत 'हुकुम का इक्का' म्हणजे इस्पिकचा एक्का, आणि आपल्या हुकमाला, म्हणजे त्या डावात बाकीच्या रंगांना मारणाऱ्या रंगाला, तिकडे 'तुरुप' म्हणतात. या फरकाने आमचा एक डाव पार बसला होता. हिंदीभाषक मित्राला शिकवत होतो, हुकूम बदाम. किलवरची उतारी झाली, त्याच्याकडे किलवर नव्हतं. म्हटलं, 'मग हुकूम टाक की.' त्याने ऐटीत इस्पिकचा राजा टाकला आणि तिन्ही पानं गोळा करायला लागला. त्याच्या भाषेत त्याने हुकूमच टाकला होता. त्याला चूक कसं म्हणणार?

मूळ अरबी शब्दाचा अर्थ आज्ञा. मराठीत हुकूम हे रंगाचं नाव नाही, ते त्या डावापुरतं मिळालेलं पद आहे. पाच हात करायचे असतात तो पहिली पाच पानं बघून हुकूम बोलतो. या डावात बदाम, पुढच्या डावात चौकट. हुकूम बदाम असेल तर बदामाची सत्तीसुद्धा किलवरच्या एक्क्याला मारते.

—

म्हणजे 'हुकमाचा एक्का' आणि 'हुकमी एक्का' एकच?

—

पानापुरतं बोलायचं तर हो. पण 'हुकमी'ला खात्रीचा, हमखास असाही अर्थ आहे (हुकमी उपाय म्हणतो तो), म्हणून संघातल्या भरवशाच्या गोलंदाजाला 'हुकमी एक्का'च शोभतं. हल्ली 'तुरुपाचा एक्का'ही वाचायला मिळतो. तो हिंदीतून आलेला, मला खटकतो.

—

सुधारलेला मसुदा टाकतो:

'अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत चारही रंग, शिवाय इस्पिक आणि बदामाची सत्ती, अशी 30 पानं घ्यावीत. पिसून प्रत्येकाला आधी पाच वाटावीत, हुकूम बोलल्यावर उरलेली पाच. उतारीच्या रंगाचं पान असेल तर तेच द्यावं. नसेल तर हुकमाने मारावं.'

—

शेवटचं वाक्य बदला. 'मारावं' म्हटलं की सक्ती वाटते. रंग नसेल तर हुकमाने मारता येतं, किंवा एखादं फालतू पान टाकून हात सोडताही येतो. ज्याचे दोन हात होऊन गेलेत तो उगाच हुकूम कशाला घालवेल?

आणि हिंदीभाषक कोणी असेल तर 'पिसून'वरही बोट ठेवेल. तिकडे पिसतात ते पीठ.