सल्ला हवा : युजरस्पेसची एक फाइल ऑब्जटूलच्या तपासणीतून वगळायची आहे (बजेट 2000)

पांदणवाला, दारव्हा
राम राम मंडळी. घरचा जुना लॅपटॉप, आय-थ्री, 4 जीबी रॅम, बॅटरी मेलेली. त्यावर लिनक्सचं 6.1 कर्नल (सिस्टिमचा गाभा) बिल्ड करत शिकतोय. व्हीडीएसओ (कर्नल प्रोसेसच्या मेमरीत बसवतं तो छोटा कोड) कसं चालतं ते कळावं म्हणून कर्नलच्या सोर्सच्या झाडात स्वतःचं एक फोल्डर केलं. त्यात दोन फाइली. घडी.एस, ही युजरस्पेसमध्ये, म्हणजे कर्नलच्या बाहेर साध्या प्रोग्रॅमसारखी चालणार, हिच्यात एक सिसकॉल इन्स्ट्रक्शन (कर्नलला हाक मारणारी) आहे. आणि नकाशा.सी, ही कर्नलचीच, पहिलीला प्रोसेसच्या मेमरीत नेऊन बसवणारी. ऑब्जटूल (बिल्ड झालेल्या .ओ फाइली तपासणारं कर्नलचं साधन) घडी.ओ वर ओरडतं : 'अनसपोर्टेड इन्स्ट्रक्शन इन कॉलेबल फंक्शन'. तिला वगळू कसं? बाकी कर्नलची तपासणी चालूच राहिली पाहिजे. कापूस विकेपर्यंत 2000 च्या वर एक रुपया नाही.

डबल_इंजिन
भाऊ, आधी एसएसडी घे. मी 1 टीबीची एनव्हीएमई घेतली साडेसहा हजारात. पहिले बिल्डला अख्खी रात्र जायची, आता जेवण होईस्तोवर काम फत्ते.

ठेचा_भाकर
वरच्यानं बजेट वाचलं नाही वाटते. आणि त्या आय-थ्रीत एनव्हीएमईची खाच तरी हाये का?

मोताळ्याचा_मामा
लिबएल्फ-डेव्ह टाकलं का? मले पण ऑब्जटूलचा एरर आला होता, ते पॅकेज टाकलं अन् मिटलं.

पांदणवाला, दारव्हा
मामा, ते नसतं तर ऑब्जटूल बनलंच नसतं. इथं ते बनून ओरडून रायलं.

कोरडवाहू
कायले डोक्शाला ताप? कॉन्फिगमध्ये ओआरसी (स्टॅक उलगडायची पद्धत, तिचा डेटा ऑब्जटूल बनवतं) बंद कर, फ्रेम पॉइंटरवाला अनवाइंडर निवड. ऑब्जटूल गेलं उडत. मी 2018 पासून असंच करतो.

पुसदची_लेक
2018 मध्ये चालत असेल दादा. 6.1 मध्ये एक्स86 वर ओआरसी बंद केलं तरी ऑब्जटूल राहतंच, रेटपोलिन आणि जंप लेबल या कर्नलच्या दुसऱ्या सोयींसाठीही ते लागतं. आणि एका फाइलपायी सगळ्या कर्नलची तपासणी कशाला सोडायची, त्याने तेच तर नको म्हटलंय.

पांदणवाला, इशारा खोटा नाही. कर्नलच्या साध्या फंक्शनमध्ये सिसकॉल इन्स्ट्रक्शन दिसली तर ती चूकच, म्हणून ते ओरडतं. युजरस्पेसमध्ये तीच गोष्ट रोजची. बिचाऱ्या ऑब्जटूलला काय माहीत ही फाइल कुठे चालणार, ते मेकफाइलनेच (बिल्डच्या सूचनांची फाइल) सांगायचं. ओळ अशी, टाइप करताना इंग्रजी घे, फाइलचं नाव आणि शेवटचा वाय सोडून बाकी कॅपिटल अक्षरं :

ऑब्जेक्ट_फाइल्स_नॉन_स्टँडर्ड_घडी.ओ := वाय

मधलं फाइलचं नाव गाळलंस तर अख्खं फोल्डर वगळलं जातं. तसं करू नको. नकाशा.सी कर्नलची आहे, तिचा ओआरसी डेटा बनला नाही तर ऊप्स (कर्नलमधली चूक) आल्यावर स्टॅक ट्रेसवर (कोणत्या फंक्शनातून कुठे आलो ती यादी) भरवसा ठेवता येणार नाही.

कोरडवाहू
अख्खं फोल्डरच वगळ ना. 6.1 मध्ये कर्नलवाल्यांनी स्वतः व्हीडीएसओच्या फोल्डरात तेच केलंय. मोठे करतात ते चालते, आपण केलं की चूक?

पुसदची_लेक
तीच मेकफाइल थोडी खाली वाचा. व्हीएमए.ओ आणि एक्सटेबल.ओ साठी परत 'एन' (वगळू नको) लिहिलंय, कारण त्या दोन कर्नलमध्ये जातात. फाइलचा 'एन' फोल्डरच्या 'वाय'वर भारी पडतो. केबिल्ड (कर्नलची बिल्ड यंत्रणा) आधी फाइलचं अक्षर ठेवतं, त्याच्या मागे फोल्डरचं चिकटवतं आणि सुरुवात 'वाय'ने होते का एवढंच बघतं.

डबल_इंजिन
मी म्हणतो एसएसडी शेवटी लागतेच. साटाची घे मग.

शेगाव_पॅसेंजर
एसएसडीपेक्षा लाइनीचं पाहा बाप्पा. माझी पण बॅटरी मेली होती. रात्री बिल्ड लावून झोपलो, लाइट गेली. सकाळी लिंक करताना 'फाइल फॉरमॅट नॉट रेकग्नाइज्ड'. दोन घंटे कोड चाळला. पाहतो तं एक .ओ फाइल शून्य बाइटची! मेकले वाटलं झाली तयार. तेवढी उडवली अन् पुन्हा मेक दिलं, झालं. इन्व्हर्टर घे, मी 14 हजाराचा घेतला.

ठेचा_भाकर
2000 मध्ये 14 हजाराचा इन्व्हर्टर. वा. आमच्या इकडं गावठाणाची लाइन तरी बरी, शेतीच्या फीडरवाल्यानं कर्नल बिल्ड केलं तं एक हात मोटारीच्या स्टार्टरवर ठेवा लागते.

मोताळ्याचा_मामा
आमची या आठवड्यात रात्रीची पाळी आहे. हरभऱ्याला पाणी द्यायला दोन वाजता उठतो. लिबएल्फ-डेव्ह एकदा पाहून घे तरी.

जुनी_टर्मिनल
ताईंचं बरोबर, पण एक राहिलं. घडी.ओ कुठे लिंक होतेय? ऑब्ज-वायच्या यादीत (कर्नलमध्ये जोडायच्या फाइली) टाकली असशील तर ती थेट व्हीएमलिनक्समध्ये, म्हणजे तयार कर्नलमध्ये जाते. आयबीटी (प्रोसेसरची एक सुरक्षा सोय) किंवा क्लँग कंपायलरचं एलटीओ (लिंक करताना होणारं ऑप्टिमायझेशन) चालू असेल तर ऑब्जटूल फाइलवार न चालता शेवटी व्हीएमलिनक्स.ओ वर चालतं, आणि तिथे ही वगळणी लागूच होत नाही. ऑब्जटूलच्या माहितीपत्रात लिहिलंय : जी फाइल व्हीएमलिनक्समध्ये किंवा मॉड्यूलमध्ये लिंक होत नाही, तिच्यासाठीच ही ओळ वापरा.

व्हीडीएसओत काय करतात बघ. युजरस्पेसच्या .ओ फाइलींची वेगळी .एसओ (शेअर्ड लायब्ररी) बनते, मग व्हीडीएसओ2सी नावाचं छोटं साधन तिच्या बाइटांचा सी ॲरे करून देतं. कर्नलच्या लेखी तो नुसता डेटा. मी नवीन असताना हे न कळून इशारे झाकत बसलो होतो, महिना गेला.

पांदणवाला, दारव्हा
काका, सापडलं. घडी.ओ ऑब्ज-वायमध्येच होती. मेकफाइल उतरवताना तेवढं कळलं नव्हतं.

पुसदची_लेक
मग आधी तिला तिथून काढ, वेगळी .एसओ कर, आणि मग ती ओळ. आणि दर वेळी पूर्ण कर्नल बिल्ड करू नको, एकदा झालं की मेकला नुसतं फोल्डरचं नाव आणि शेवटी तिरकी रेघ दे. मेकच्या लोकलमॉडकॉन्फिगने नको ती मॉड्यूलंही गळतात. याला पैसे लागत नाहीत.

पांदणवाला, दारव्हा
कळवतो. ताईंची ओळ नाही लावली, कोरडवाहूंचंही नाही ऐकलं. दोन फोल्डरं केली. घडीच्या फोल्डरात अख्ख्याला 'वाय', तिथून फक्त .एसओ बाहेर येते. नकाशा.सी वरच्या फोल्डरात, तिची तपासणी चालू. उद्या तिसरी फाइल टाकली तर नाव लिहायचं विसरेन, मला माझी खात्री नाही. इशारा गेला, घडीनं वेळ पण दाखवली.

एसएसडी नाही घेतली. बाबांच्या फवारणी पंपाची बॅटरी गेली होती, 1800 तिथं गेले.

डबल_इंजिन
पंपाची कोणत्या कंपनीची घेतली? माझी दोन हंगाम झाले, अजून टिकून हाये.